विमल, किंमत कमी कोणी केली?

विमल, तू गेल्यापासून तुझ्याबद्दल सगळे चांगलंच बोलत आहेत, त्यामुळे मला शंका येते. इतकं चांगलं माणूस मी तरी पाहिलेलं नाही. तुझ्या शाळेतल्या बाया आल्या, जुन्या विद्यार्थिनी आल्या, एक तर लेकरू कडेवर घेऊन पूर्णेहून रेल्वेनं आली. प्रत्येकीनं सांगितलं की मॅडमनी कधी कोणाचं मन दुखवलं नाही. मी भिंतीला टेकून ऐकत होते. चाळीस वर्षं मी तुझी नणंद होते. तू माझं मन दुखवलंस की नाही, ते मला अजून धड सांगता येत नाही. या पोरींना दोन-तीन वर्षांच्या शाळेत कसं कळलं?

त्या मुली आता तुझ्या आठवणींची पुस्तिका काढणार आहेत. तुझी शीतल मला म्हणाली, "आत्या, तुमी पण लिहा." मी म्हटलं, मी चौथी शिकलेली बाई, इंग्रजीच्या मास्तरणीवर काय लिहू? ती म्हणाली, "आईशी बोलायच्या तसंच लिहा." आपण कसं बोलायचो ते तुझ्या लेकीला नीट माहीत नसावं. नाहीतर असं म्हणाली नसती.

मी तुझ्याकडं संशयानंच बघत आले, हे आधी सांगून टाकते. तू लग्न होऊन आलीस तेव्हापासून. माझ्या धाकट्या भावाला शिकलेली बायको मिळाली म्हणून आमच्या आईला कोण आनंद झाला होता. मला झाला नव्हता. मी माहेरी आले की तू चहाचा पहिला कप मला द्यायचीस. पहिला का? मी विचार करायची. वरचा चहा पातळ असतो, आलं खाली बसतं, म्हणून असेल. पुढं एकदा तू मला शेवटचा कप दिलास, तर मी म्हटलं, आता गाळ द्यायली मला.

तुझ्या शाळेतल्या बाया घरी आल्या की तू सांगायचीस, "या आमच्या अक्का. झरीला असतात. सगळी शेती ह्याच बघतात." त्या गेल्या की मी तुला धरायची.

"माझं शिक्षण का न्हाई सांगितलंस?"

"मग काय सांगू, चौथी पास?"

"सांग की. चोरी केलीय का मी?"

"बरं, पुढच्या येळी सांगते."

पुढच्या वेळी तू सांगितलंस, "अक्का चौथी शिकल्यात." तेव्हा मी आणखी भडकले. चारचौघींत माझी चौथी काढायची काय गरज होती? तू हसलीस. दत्तूनं पेपर तोंडासमोर धरला. माझा भाऊ जन्मभर आपल्या दोघींच्या मधे पेपर धरून बसला.

मागच्या वर्षी माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. दिवसातून चार वेळा थेंब टाकायचे होते आणि झरीत माझी सून दिवसभर शेतात. तू म्हणालीस, इथंच राहा परभणीला. मी राहिले, पण का बोलावलंस याचा आठ दिवस विचार केला. तुझं घर लख्ख होतं, मला कामाला लावायला जागा नव्हती. शेतीत आता माझ्या नावावर काही राहिलं नव्हतं. मग कशासाठी? मला काही सापडलं नाही. सापडलं नाही की मला जास्त धास्ती वाटते.

संध्याकाळी पुढच्या खोलीत तुझी शिकवणी असायची. आठ-दहा मुली सतरंजीवर. मी मधल्या खोलीत खाटेवर, डोळ्याला काळा चष्मा. तुला वाटायचं मी झोपले. मी कशाची झोपते? तू रोज फळ्यावर इंग्रजीचा एक शब्द लिहायचीस आणि त्याचं सगळं कूळ सांगायचीस. त्या दिवशी शब्द होता डिव्हॅल्यू.

तू सांगितलंस, "म्हणजे किंमत कमी करणे. सरकार आपल्या पैशाची किंमत दुसऱ्या देशाच्या पैशापुढं ठरवून कमी करतं, तेव्हा हा शब्द येतो. आणि एखाद्याच्या कामाला, मताला, एखाद्या माणसाला कमी लेखलं, तरी हाच शब्द."

एक मुलगी म्हणाली, "मॅडम, माझी सायकल डिव्हॅल्यू झाली."

"कोणी केली?"

"कोणी न्हाई. जुनीच हाय ती."

सगळ्या हसल्या. तूही हसलीस. मग म्हणालीस, "जुनी झाली, झिजली, आपोआप भाव उतरला, तिथं हा शब्द वापरू नका. त्याला डिप्रीशिएट आहे. डिव्हॅल्यूला करणारं कोणीतरी लागतं. वस्तू जशीच्या तशी असते. तिला कुणीतरी खालच्या पायरीवर नेऊन ठेवतं."

मी खाटेवर उठून बसले. चष्म्याआडून तुझ्याकडं पाहिलं. तुझी पाठ होती माझ्याकडं.

मुली गेल्यावर तू थेंबाची बाटली घेऊन आलीस.

"माझ्यावर बोलायलीस का गं?"

"काय?"

"ते खालच्या पायरीवर ठेवायचं."

"अक्का, वर बघा. हलू नका." थेंब पडला. तू कापसानं गाल पुसलास. "तुमाला पंचांगात पण स्वतःचंच नाव दिसतं बगा."

दुसऱ्या दिवसापासून आपलं भांडण लागलं, ते मी घरी जाईपर्यंत चाललं. मी म्हणायची, दुसऱ्यानं कमी म्हटल्यानं माणूस कमी होत नसतो. सोनारानं सोन्याला पितळ म्हटलं तर ते पितळ होतं का? तू भाजी निवडत होतीस. म्हणालीस, "न्हाई होत. पण गावात सोनार एकच असला, तर भाव पितळाचाच मिळतो."

 मी म्हटलं, चहा टाक.

चहा पिता पिता पुन्हा सुरू केलं. "मग ज्याची किंमत कमी केली, त्यानं काय करायचं?"

"बोलायचं."

"आणि न्हाई बोललं तर?"

"तर लोक तेच खरं धरतात."

तू हे कपाकडं बघत म्हणालीस. मला तेव्हाच समजायला हवं होतं की तू कोणाबद्दल बोलत होतीस. पण मी माझंच धरून बसले होते.

तुझी एक पद्धत होती. मुलींनी नव्या शब्दाचं वाक्य गाईडमधून आणायचं नाही, घरातून आणायचं. जे आपण डोळ्यांनी पाहिलं तेच. त्याप्रमाणे मुलींनी आणली वाक्यं. एकीचा भाऊ तिच्या अभ्यासाला हसायचा. एकीच्या आईनं केलेल्या शिवणकामाला घरात कोणी काम म्हणत नव्हतं. तू एकेक वाक्य इंग्रजीत करून फळ्यावर लिहीत होतीस. मग ती सायकलवाली आगाऊ पोरगी म्हणाली, "मॅडम, आजीला पण विचारा की एक वाक्य. सारख्या ऐकायल्यात आतून."

तू दारात आलीस. "सांगता का अक्का?"

मी काळा चष्मा लावून बाहेर आले, खुर्चीवर बसले आणि म्हटलं, "माझ्या भावजयीनं माझी किंमत कमी केली."

मुलींनी तुझ्याकडं पाहिलं. माझी भावजय कोण ते त्यांना कळायला वेळ लागला नाही.

"लिहू?" तू विचारलंस.

"लिही."

तू लिहिलंस. हात थांबला नाही. अक्षर नेहमीसारखंच, सरळ रेषेत. मग मुलींकडून दोनदा वाचून घेतलंस. 'माय सिस्टर-इन-लॉ' की काय ते त्या हळू आवाजात म्हणाल्या, तर तू म्हणालीस, मोठ्यानं म्हणा.

त्या गेल्यावर मी विचारलं, "वाक्य बरोबर हाय का?"

"बरोबर आहे."

"म्हणजे खरं हाय?"

तू फळा पुसत होतीस. "खरं-खोटं इंग्रजीच्या तासाला बघत नसतात, अक्का."

मी तुला चांगलं ओळखत होते. मी असं बोलले तर तू रडशील, नाहीतर भांडशील, नाहीतर दत्तूला सांगशील असं मला वाटलं होतं. तू ज्वारीच्या भाकरी टाकल्यास आणि मला पहिली वाढलीस. मला त्या भाकरीचाही संशय आला.

मला काय म्हणायचं होतं ते तुला पक्कं माहीत होतं. तुझ्या विद्यार्थिनींना माहीत नाही, म्हणून आता सांगते.

वीसेक वर्षं झाली असतील. तुम्ही परभणीत हे घर बांधलंत, त्याची वास्तुशांत होती. माझा नवरा जाऊन वर्ष झालं होतं. मी आदल्या दिवशीच आले. घरात आपल्या सगळ्या बाया जमलेल्या. माझं काम ठरलेलं होतं. मागं बसून पुरणाची डाळ निवडायची. पुढं हळदीकुंकू, ओटी, फुलं, तिकडं जायचं नाही. मला कोणी तसं सांगितलं नव्हतं. सांगायला लागत नाही.

तू हातात साडी घेऊन स्वयंपाकघरात आलीस. नारायणपेठी, जांभळी, मोरपंखी काठाची. दुसऱ्या दिवशी पूजेला नेसायला तू स्वतःसाठी घेतलेली. माझ्याजवळ खाली बसलीस आणि म्हणालीस, "अक्का, जरा येळ नेसा ही. घडी मोडून द्या मला."

आपल्याकडं नवी साडी आपण आधी नेसत नाही. आधी दुसऱ्या बाईला नेसवतो, तिच्याकडून घडी मोडून घेतो, मग आपण अंगाला लावतो. पण ती बाई निवडून घेतात. नवरा असलेली, लेकरंबाळं असलेली, जिचं सगळं चांगलं चाललंय अशी. वर्षापूर्वी नवरा गेलेल्या बाईला वास्तुशांतीच्या साडीची घडी मोडायला कोणी देत नाही. मी तरी कधी पाहिलं नव्हतं.

म्हणून मी विचार केला, हिच्या मनात काय आहे? थट्टा करते का? मी हिची साडी नेसलेली चारचौघींनी पाहावी आणि नणंदेला किती सांभाळते म्हणावं, असं आहे का? मी साडी हातात घेतली, उलटीपालटी केली. वरच्या घडीवर रंग जरा उडालेला दिसला. दुकानात उन्हाला टांगून ठेवलेल्या साडीचा उडतो तसा. झालं. माझ्या डोक्यात पक्कं बसलं की ही नेसून झालेली साडी आहे आणि नवी म्हणून माझ्या गळ्यात घालायला निघाली.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "उतरलेल्या साड्या नेसायची पाळी अजून माझ्यावर आली न्हाई."

डाळ निवडत बसलेल्या बाया वळून बघायला लागल्या. तू साडी माझ्या हातातून घेतलीस, मांडीवर ठेवून परत घडी घातलीस. आणि घडी घालताना काठ उलटला, तेव्हा मला त्याला टाचलेली दुकानाची चिठ्ठी दिसली. फॉलही लावलेला नव्हता. साडी कोरी होती, विमल. मी पाहिलं. आणि मी पाहिल्याचं तू पाहिलंस.

तेव्हा मला एवढंच म्हणायचं होतं की चुकलं, आण इकडं. पाच-सहा बायांसमोर माझ्या तोंडातून ते निघालं नाही. तू उठून गेलीस. दुसऱ्या दिवशी पूजेला तू जुनीच हिरवी साडी नेसून बसलीस.

मग मी काय केलं तेही लिहिते. मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. मी गप्प बसले नाही. लग्नात, बारशाला, जिथं जाईन तिथं सांगत राहिले की शिकलेल्या भावजयीनं मला उतरलेली साडी दिली. दर वेळी ती साडी थोडी जास्त जुनी व्हायची. शेवटी शेवटी तर तिला पदराजवळ रफू पण होता. बाया चुकचुकायच्या. नवरा गेल्यापासून माझ्याकडं कोणी इतक्या मायेनं बघितलं नव्हतं. मला ते आवडायला लागलं होतं. खरं कारण एवढंच आहे.

तू कधी खुलासा केला नाहीस. का, हे मी या पंधरा दिवसांत पुष्कळ शोधलं. एक वाटतं ते असं. तू तेव्हाच म्हणाली असतीस की साडी कोरी आहे, अक्कांनी घडी मोडावी म्हणून आणली, तर पुढच्या खोलीतल्या म्हाताऱ्या उठल्या असत्या. वास्तुशांतीची घडी हिच्याकडून? प्रश्न तुला विचारला असता, पण बोटं माझ्याकडं दाखवली असती. ते तू होऊ दिलं नाहीस. स्वतः खोटी पडलीस. दुसरं असं वाटतं की तू तोऱ्यातली होतीस. अडाणी नणंदेला काय समजावून सांगायचं, असा तोरा. पहिलं जास्त खरं असावं. दुसरंही थोडं होतं. तू आता नाहीस म्हणून मी ते काढून टाकणार नाही.

आणि तरी मागच्या वर्षी मला डोळ्यासाठी घरी आणलंस, वीस दिवस ठेवलंस, फळ्यावर माझं खोटं वाक्य नीट अक्षरात लिहिलंस. त्या दिवशी मी चुकलं म्हणू शकले असते. मुली गेल्या होत्या, दत्तू बाजारात होता, घरात आपण दोघीच होतो. तू वाट बघत असशील असं आता वाटतं. तेव्हा मला वाटलं, ही मला पकडायला बसली आहे.

परवा तुझी तेरवी झाली. जेवणं उरकल्यावर बाया मधल्या खोलीत बसल्या होत्या, त्याच खाटेच्या आसपास. आपल्या चुलतभावाची बायको गंगाबाई म्हणाली, "बाई सोन्यासारखी व्हती. फकस्त अक्काला ती फाटकी साडी दिली, तेवढं बरं न्हाई केलं. जाऊ द्या, गेली बिचारी."

बाकीच्यांनी माना हलवल्या. मी बघितलं, वास्तुशांतीच्या वेळी घरात आलेल्याही नव्हत्या अशा दोन सुनाही मान हलवत होत्या. त्यांनाही माहीत होतं. तुझा फोटो समोर होता आणि माझ्या डोळ्यांदेखत तुझी किंमत कमी होत होती. करणारी कोण, ते विचारायची गरज नव्हती.

मी म्हटलं, "साडी कोरी व्हती."

"कोणची?"

"तीच. दुकानाची चिठ्ठी व्हती काठाला. विमलनं मला घडी मोडायला दिली व्हती. मी खोटं बोलले."

 मग गंगाबाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "अक्का, तुमचं मन लय मोठं हाय. गेलेल्या माणसाचं असंच झाकावं."

"झाकत न्हाई मी. खरं सांगायले."

"व्हय, व्हय. पाणी द्या गं अक्काला. लय लागलंय त्यांच्या जिवाला."

आणि एकीनं पाणी आणून दिलं. मी चिठ्ठीचं सांगितलं, फॉल नव्हता ते सांगितलं, रफू मी मनानं लावला तेही सांगितलं. जितकं सांगावं तितकं माझं मन त्यांना मोठं दिसायला लागलं. एकजण डोळे पुसायला लागली. वीस वर्षं खोटं बोलले तेव्हा एकीनंही शंका घेतली नाही. आता खरं बोलले तर दुःखानं बोलते म्हणतात. मी आयुष्यात कधी दुःखानं बोलले, सांग बरं? नवऱ्याच्या वेळी तरी बोलले होते का?

शीतल तिथंच होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, ती मात्र रडली नाही. तिला खरं वाटलं असावं. पण मी विचारलं नाही.

म्हणून मी हे लिहिलं. बोललेल्यावर पाणी देता येतं, लिहिलेल्यावर देता येत नाही. यात मी तुला चांगली म्हणायला निघाले नाही. तू मला वीस वर्षांत एकदाही विचारलं नाहीस की अक्का, खरं का सांगत नाही. ते तुझं चुकलं, त्याचा राग मी ठेवणार आहे. पण साडीचं माझं चुकलं.

पुस्तिका छापून आली की मी झरीहून गंगाबाईच्या घरी जाईन. तिला वाचता येत नाही, तिच्या नातसुनेला येतं. तिला मी समोर बसवीन, सगळ्या बायांना बोलावून घेईन, आणि हे पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचायला लावीन. कोणाला विश्वास बसला नाही तर पुन्हा वाचायला लावीन.